थोरल्याच्या गारगोट्या

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा रस्ते नव्हते, नुसत्या वाटा होत्या. एका राज्यात सगळ्यांत उभी वाट घाटाची होती. पायथ्याला एक गाव, माथ्यावर खिंड, खिंडीपलीकडे राजाचा गड. आणि गाव ते खिंड एकवीस वळणं.

राजाचे निरोप याच वाटेनं वर जात. निरोपाला पाय नसतात, म्हणून त्या गावात हरकारे राहत. निरोपाची थैली पाठीला बांधून धावतो तो हरकारा. त्याच्या हातात घुंगुरकाठी असे. काठी टेकली की घुंगरू वाजत, आणि वाटेवरची माणसं, गुरं, सापसुद्धा बाजूला होत.

या गावाची एक रीत होती. ती नीट ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

खिंडीत पांढऱ्या गारगोट्या सापडत. दुसरीकडे कुठंच सापडत नसत. खिंड गाठली की हरकाऱ्यानं एक गारगोटी उचलायची, कमरेला खोचायची आणि घरी येऊन चुलीपाशी ठेवायची. चुलीपाशी गारगोटी आली की त्याला रोजच्यापेक्षा दोन भाकरी जास्त मिळत. त्या खाल्ल्या की गारगोटी अंगणात फेकायची. नाही खाल्ल्या तर मडक्यात टाकून ठेवायची. मग पुढं कधीही त्या गारगोटीवर भाकरी मागता येई. चुलीपाशी ठेवलेल्या गारगोटीला नाही म्हणायचं नाही, असा गावाचा नियमच होता.

अशा त्या गावात एका घरात दोन भाऊ आणि त्यांची आत्या राहत होती. थोरला हरकारा होता. धाकटा दारात बसून हरकाऱ्यांच्या थैल्या शिवायचा.

थोरला सकाळी गडावर जायचा तो परतायचा मध्यरात्री. शेवटच्या वळणावर घुंगरू वाजले की धाकटा अंथरुणातून उडी मारून उठायचा आणि चूल फुंकायचा. मग दोघं जेवायला बसायचे. थोरल्याला भाकरी सरळ कधी मोडता आली नाही. एक तुकडा मोठा व्हायचा, एक लहान. मोठा तो धाकट्याच्या ताटात टाकायचा.

"खा रे. माझ्यासाठी जागलास ना? जागल्यानंपण भूक लागते."

"आणि तू, दादा?"

"मला आज एवढी भूक नाही. गारगोटी टाक मडक्यात."

असं करत करत मडकं काठोकाठ भरलं.

मग एका थंडीत थोरल्याला ताप आला. तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी थोरला नव्हता. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगितलं तरी तो परत येत नाही.

घुंगुरकाठी दाराशी टेकून राहिली. हरकारा गेला तर त्याची काठी एक वर्ष घरात ठेवत. वर्षाच्या आत घरातल्या कुणीतरी ती घेऊन उजाडताना निघायचं आणि गडावरचा दुपारचा नगारा वाजण्याआधी खिंड गाठायची. गाठली तर काठी त्या घराची. वर्षभरात एकदाही नाही गाठली तर काठी दुसऱ्याच्या दारात जायची.

"ही काठी कुठं जाणार नाही," धाकटा म्हणाला. "दादाची आहे. मी नेणार."

बोलला तो रागात, आणि बोलून थैल्या शिवायला बसला. धावायला अजून पुष्कळ दिवस आहेत, असं त्याला वाटलं.

पण मध्यरात्र झाली की त्याला जाग यायची. रोज, त्याच वेळेला. घर गप्प असायचं. तो उठून चूल फुंकायचा. मडक्यातली एक गारगोटी काढून चुलीपाशी ठेवायचा, टोपलीतून दोन भाकरी घ्यायचा, वर तूप, वर गूळ, कधी उडदाचा लाडू. भाकरी मुद्दाम वेडीवाकडी मोडायचा. दोन्ही तुकडे आपणच खायचा.

"ह्या दादाच्या भाकरी आहेत," तो स्वतःला सांगायचा. "त्यानं कमावल्या, त्याच्या खायच्या राहिल्या. त्या मी नाही खायच्या तर कुणी?"

खाऊन झालं की गारगोटी अंगणात जायची. नऊ महिने हे चाललं. थोरला घाट चढून आला होता आणि धाकटा त्या चढण्याचं बसून खात होता. पोट पुढं आलं. मान भरली. सुई ओवायला वाकलं तरी धाप लागू लागली.

एका रात्री आत्या दारात उभी राहून अंगणाकडे बघत होती.

"चांदणं काय पडलंय!" धाकटा मागून म्हणाला.

"अमावास्या आहे आज," आत्या म्हणाली. "ते पांढरं दिसतंय ते चांदणं नाही, तुझं जेवण आहे."

धाकटा आत गेला. आत्या दुसऱ्या दिवसाच्या भाकरीचं पीठ काढायला गेली. चुलीपाशी ठेवलेल्या गारगोटीला नाही म्हणायची सोय नव्हती.

खालच्या आळीत एक सडपातळ हरकारा होता. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. थोरल्याची काठी आपल्या दारात येणार असं त्यानं धरूनच ठेवलं होतं. एके दिवशी जाता जाता तो दारापाशी थांबला.

"काय रे, काठी कधी नेतोस? का काठीनंच तुला न्यायचं?"

धाकट्याचं डोकं फिरलं. "उद्या!" तो ओरडला. "उद्या नेतो!"

"उद्या नेतोस तर आज जेव भरपूर. वाटेत जीव जायला नको."

धाकट्यानं तेवढंच ऐकलं. उद्या ताकद लागणार म्हणून त्यानं रात्री नऊ भाकरी खाल्ल्या. उद्याचं आजच खाऊन ठेवलं. पहाटे निघाला तो ढेकर देत.

पहिली तीन वळणं त्यानं धावत घेतली. घुंगरू नुसते किंचाळत होते. चौथ्याला पाय जड झाले. पाचव्याला कुशीत कळ आली. सातव्या वळणावर तो एका धोंड्यावर बसला तो बसलाच. डोळ्यांपुढं घाट गरगर फिरत होता. वर कुठंतरी दूर नगारा वाजला. अजून चौदा वळणं राहिली होती.

खालच्या आळीचा हरकारा निरोप घेऊन वरून उतरत होता. त्यानं त्याला पाणी पाजलं, पण बोलल्याशिवाय राहवेना.

"हरकत नाही. तुझं पोट पुढं पोचलं असेल. तू ये मागून."

धाकटा घरी आला आणि त्यानं दुसरं टोक गाठलं. तसा तो होताच. राग आला की मधलं काही दिसायचं नाही.

"आजपासून मला वाढू नको," तो आत्याला म्हणाला. "दिवसाला अर्धी भाकरी. बास."

"अरे, अर्ध्या भाकरीवर घाट चढतात का?"

"मी चढणार."

अर्ध्या भाकरीवर तो सकाळ-संध्याकाळ धावू लागला. उतरलेलं तोंड, खोल गेलेले डोळे. पोट कमी झालं, पण पायांतलं बळ त्याहून आधी गेलं. अकराव्या दिवशी दुसऱ्याच वळणावर त्याला घेरी आली. एका गुराख्यानं त्याला म्हशीच्या पाठीवर घालून घरी आणलं. सगळ्या गावानं बघितलं.

त्या रात्री नेहमीच्या वेळेला त्याला जाग आली. अकरा दिवसांची भूक वाघासारखी उठली होती. त्यानं टोपलीच पुढ्यात ओढली. गारगोटी नाही, ताट नाही, काही नाही. एक, दोन, पाच, आठ. नवव्या भाकरीला हात घातला तेव्हा वरून आवाज आला.

"अजून किती वेळ? माझे उंदीर खोळंबलेत."

आढ्यावर एक पिंगळा बसला होता. ओंजळीत मावेल एवढा, पण डोळे वाटीएवढे.

"तुझे उंदीर?" धाकटा भरल्या तोंडानं म्हणाला.

"तू खातोस, तुकडे सांडतोस. तुकड्यांना उंदीर येतात. उंदरांवर मी जगतो. तसं बघितलं तर तू खातोस ते माझ्या फायद्याचंच आहे. पण बघवत नाही रे आता."

"तूसुद्धा रात्रीच खातोस की!"

"मी रात्री उडतो," पिंगळा म्हणाला. "रात्रभर रान पालथं घालतो, मग खातो. तू संध्याकाळपासून कुठं गेला होतास?"

"कुठं नाही. अंथरुणात होतो."

"मग हे कशासाठी?"

"भूक लागली."

"कुठं लागली? दाखव बरं."

धाकट्यानं पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं गच्च होतं. तिथं भूक नव्हती. त्यानं छातीवर हात ठेवला. मग तो हात नकळत कानापाशी गेला, आणि त्याचा घास तोंडातच राहिला.

भूक कानात होती. या वेळेला त्याचे कान घुंगरांची वाट बघत होते. नऊ महिने तो कानांची भूक तोंडानं भागवत होता, आणि ती भागत नव्हती.

तो खूप वेळ रडला. पिंगळा आढ्यावरून हलला नाही.

"एकदा मी कोठारात शिरलो," पिंगळा हळूच म्हणाला. "उंदीरच उंदीर. उडायचं काम नाही. चार खाल्ले. खाली मांजर आलं, मी पंख मारले, आणि जागेवरून उठलोच नाही! शेपटीची तीन पिसं मांजराला देऊन सुटलो. पुढं आठ दिवस भीतीनं खाल्लंच नाही, तेव्हाही उडता येईना. तेव्हापासून मी पंखांना विचारून खातो. जास्त नाही, कमी नाही."

एवढं बोलून तो भुर्रकन उडाला, आणि जाता जाता कोपऱ्यातला एक उंदीर घेऊन गेला.

धाकट्यानं डोळे पुसले. दाराशी जाऊन त्यानं घुंगुरकाठी उचलली आणि एकदाच, हळू, जमिनीवर टेकली.

छुम.

आतल्या खोलीतून आत्या झोपेत म्हणाली, "आलास का रे?"

धाकट्यानं काठी परत दाराशी टेकवली. आतून मग आत्यानं कूस बदलल्याचा आवाज आला. त्यानं तांब्याभर पाणी प्यायलं आणि तो झोपला.

सकाळी त्यानं मडकं पालथं केलं. खाऊन उरलेल्या गारगोट्या मोजल्या. एकोणऐंशी होत्या. वर्ष भरायला दिवसही तेवढेच राहिले होते.

"आत्या, ह्या मी खाणार नाही," तो म्हणाला. "दादानं ह्या वरून खाली आणल्या. मी खालून वर नेतो. रोज एक. जिथंवर पाय नेतील तिथं ठेवून येतो. पण मला तू जेवायला घाल. अर्धी नको आणि नऊपण नकोत."

आत्यानं चुलीसमोर बोटांवर हिशेब केला. "एकवीस वळणांना वरच्या दोन भाकरी. म्हणजे आठ चतकोर. तीन वळणांना एक चतकोर धर, सात झाले."

"आणि आठवा?"

"उतरायचा. उतरायलाही गुडघे लागतात, बाबा. जेवढी वळणं चढशील त्या हिशेबानं चतकोर वर. सकाळी निघताना थोडं खायचं, आल्यावर पोटभर जेवायचं, आणि दिवेलागणीनंतर चुलीला राख. मध्यरात्री उठलास तर पाणी मिळेल."

"आणि चुकून भूक लागली तर?"

"तर सकाळ होते रोज. अजून एकदाही चुकलेली नाही."

पहिल्या दिवशी तो चालत तीन वळणं चढला. तिथं कड्याला एक गारगोटी ठेवली आणि परत आला. त्याला एक चतकोर जास्त मिळाला, उतरायचा दुसरा. ते दोन चतकोर त्याला जसे गोड लागले तशा नऊ भाकरी लागल्या नव्हत्या.

आठवड्यानं तो पाच वळणं चढू लागला. महिन्यानं नऊ. एके दिवशी पावसाची झड आली आणि त्याला घराबाहेर पडता आलं नाही. त्या दिवशी त्यानं आपणहून वरचा चतकोर परत टोपलीत टाकला. दुसऱ्या दिवशी दोन गारगोट्या घेऊन गेला, दोन वेळा चढला आणि मिटक्या मारत जेवला.

मध्यरात्री जाग येतच होती. ती काही थांबली नाही. मधे दोनदा तो टोपलीपर्यंतही गेला, आणि एकदा तर त्यानं अख्खी भाकरी खाल्लीसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्यानं आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, "बरं. मग आज तीन वळणं जास्त." ती वळणं तो चढून आला. रडणं नाही, उपास नाही. बाकीच्या रात्री त्यानं काठी एकदा टेकली, घुंगरू ऐकले, पाणी प्यायलं आणि पाठ टेकली.

हळूहळू पाय घाटाचे झाले. थोरला म्हणायचा, घुंगरांना ओरडायला लावू नको, त्यांना बोलू दे. ते त्याला तेराव्या वळणाच्या पुढं कळलं. सावकाश, एका तालात चढलं की घुंगरू ओरडत नसत. छुम, छुम, छुम. कुणीतरी शेजारून चालल्यासारखे बोलत.

वर्षाचा शेवटचा दिवस आला. मडक्यात एकच गारगोटी होती.

आदल्या रात्री धाकट्यानं दिवेलागणीच्या आत रोजच्याएवढंच खाल्लं. शेजारणीनं लाडू आणून दिले. "खा रे, उद्या ताकद लागेल."

"उद्याची ताकद उद्या खाईन, काकी. लाडू ठेवा झाकून."

उजाडताना तो निघाला. सगळा गाव वेशीपर्यंत आला. आत्या मात्र आली नाही. ती चुलीपाशीच बसून राहिली.

सातवं वळण आलं. ज्या धोंड्यावर तो बसला होता तो धोंडा तिथंच होता. त्याच्याकडे न बघता तो पुढं गेला. वळणावळणावर त्यानं ठेवलेल्या गारगोट्या उन्हात चमकत होत्या. दहावं, चौदावं, सतरावं. अठराव्या वळणावर त्याच्या मनानं घाई केली. नगारा वाजला तर? तो धावत सुटला, घुंगरू किंचाळले, धाप लागली, पाय जड झाले. एका क्षणात सगळं पुन्हा सातव्या वळणासारखं झालं.

तो थांबला. त्यानं काठी सावकाश टेकली. छुम.

"चल, दादा," तो म्हणाला, आणि त्या तालात चढू लागला.

खिंडीत खालच्या आळीचा हरकारा बसला होता. तो काठी घ्यायला आला होता. चौकीवरचा पहारेकरी गडाकडे कान लावून उभा होता. नगाऱ्याची वेळ झालीच होती.

तेवढ्यात खालून आवाज आला. छुम, छुम, छुम.

पहारेकरी दचकला. "अरे, हे तर थोरल्याचं चालणं!"

खालच्या आळीचा हरकारा उठून उभा राहिला. एकविसावं वळण घेऊन धाकटा वर आला. घामानं निथळत होता, पण श्वास जागेवर होता. त्यानं कमरेची शेवटची गारगोटी काढली आणि खिंडीत, जिथून ती निघाली होती तिथं, ठेवली. मग दोन्ही हातांनी काठी उंच धरली.

त्यानंतर नगारा वाजला.

खालच्या आळीचा हरकारा पुढं आला. मग त्यानं आपला पाण्याचा भोपळा पुढं केला.

"पोट कुठं ठेवून आलास रे?"

"रोज थोडं थोडं वळणांवर ठेवत आलो," धाकटा म्हणाला. "उतरताना बघ, सापडेल."

दोघंही इतके हसले की खिंडीतले पारवे उडाले. आणि काठी घ्यायला आलेल्या त्याच हरकाऱ्यानं पुढं धावत जाऊन गावाला ओरडून सांगितलं, "काठी घरीच राहिली रे! काठी घरीच राहिली!"

दिवस मावळायच्या आत धाकटा दारात आला. अंगणात जुन्या पांढऱ्या गारगोट्या पडल्या होत्या. त्या ओलांडून तो आत गेला आणि चुलीपाशी एक गारगोटी ठेवली. ती नवी होती. ती थोरल्याची नव्हती, त्याची स्वतःची होती.

आत्यानं ती उचलून डोळ्यांना लावली. मग रोजच्या भाकरीवर दोन गरम भाकरी वाढल्या, शेजारणीचा एक लाडू वाढला, आणि म्हणाली, "बस. आज नियमानं मिळालंय."

धाकट्यानं भाकरी मोडली. ती आपोआपच वेडीवाकडी मोडली. मोठा तुकडा त्यानं आत्याच्या ताटात टाकला.

पुढं तो त्या राज्याचा सगळ्यांत भरवशाचा हरकारा झाला. म्हातारपणीसुद्धा तो एकवीस वळणं चढे, उशीर झाला तर गडावरच मुक्काम करी, आणि त्या घरात दिवेलागणीनंतर चूल कधी पेटली नाही. मध्यरात्री मात्र कधीमधी एकदाच घुंगरू वाजत. गाव कूस बदलून म्हणे, थोरला आला, आणि झोपी जाई.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, पाय जेवढं मागतील तेवढंच पोटाला द्यावं, आणि रात्री जी भूक उठवते ती खरंच पोटाची आहे का, हे आधी तिलाच विचारावं.